स्नायूची दुखापत आणि व्यायामाचा पुनरारंभ

न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेत व्यायामाचे महत्त्व सांगणारा एखादा लेख असावा, ही जुनीच प्रथा आहे. व्यायामाने शरीर बळकट होते आणि मन प्रसन्न राहते, हे आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि ते खरेही आहे. परंतु व्यायाम करता करता ज्याचा स्नायू दुखावला, त्याने किती दिवस थांबावे आणि कोणत्या क्रमाने परत यावे, याविषयी घरात, आखाड्यात आणि शाळेच्या मैदानावर जितकी माणसे तितकी मते आढळतात. कोणी म्हणतो, "महिनाभर पाय हलवू नकोस." कोणी म्हणतो, "तेल लावून चांगले रगड, दोन दिवसांत पळायला लागशील." या दोन सल्ल्यांच्या मध्ये सापडलेली अनेक मुले, आणि मुलांचे वडीलही, आम्ही शिक्षक या नात्याने पाहिले आहेत. म्हणून प्रस्तुत लेखात हा एकच विषय घेण्याचे आम्ही योजिले आहे.

आम्ही डॉक्टर नव्हेत. रोगाची परीक्षा करणे हे डॉक्टरांचे काम आहे. परंतु परीक्षा झाल्यानंतरचे आठवडे रुग्णाला घरी आणि मैदानावरच काढावयाचे असतात, आणि चुका बहुधा तेथेच होतात. त्या काळात उपयोगी पडेल असे थोडे ज्ञान सोप्या भाषेत मांडावे, एवढाच आमचा हेतू आहे.

आपल्या गावची परंपरा

बडोद्यातील मराठी माणसाला व्यायामाचे वेड नवे नाही. उस्ताद जुम्मादादांचा आखाडा आणि त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनी नावारूपास आणलेले व्यायाममंदिर ही नावे येथील जुन्या घराण्यांत आजही आदराने घेतली जातात. गुरू मुसलमान आणि शिष्य हिंदू. पण लाल मातीत उतरल्यावर दोघांची जात एकच, ती म्हणजे मेहनत करणाऱ्याची. हुतूतूचे नियम छापून त्या खेळाला शिस्त लावण्याचे काम येथील हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली केले. बहुखंडी 'व्यायाम ज्ञानकोश'ही येथूनच निघाला.

या परंपरेतील एक गोष्ट विसरून चालणार नाही. माणिकरावांचे नाव जसे व्यायामासाठी घेतले जाई, तसे दुखावलेल्या हाडासांध्यांच्या उपचारासाठीही घेतले जाई. मेहनत शिकविणाऱ्याने दुखापतही ओळखली पाहिजे, असा याचा अर्थ. आज जोर-बैठका काढणारे कमी झाले आणि जिममध्ये जाणारे वाढले. परंतु शिकविणे आणि सांभाळणे यांची जी जोडी जुन्या वस्तादांनी जमविली होती, ती मात्र पुष्कळ ठिकाणी सुटली आहे.

काय दुखावले हे आधी ओळखावे

आपल्या भाषेत या दुखण्यांना निरनिराळे आणि नेमके शब्द आहेत. ते योग्य ठिकाणी वापरले तर अर्धे निदान झाल्यासारखेच असते.

बऱ्याच दिवसांनी बैठका काढल्या की दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. याला आपण अंग आंबणे म्हणतो. ते एक ते तीन दिवस जाणवते आणि आपोआप जाते. ही दुखापत नव्हे. पोटरीत एकाएकी गोळा येतो व ताणल्यावर सुटतो, तो पेटका. तीही बहुधा दुखापत नव्हे. सांधा वाकडा पडून त्याचे बंध ताणले गेले तर मुरगळणे. बाहेरून गुडघा किंवा चेंडू लागून मांस चेचले गेले तर तो मुका मार. आणि धावताना, उडी घेताना किंवा वजन उचलताना आतून चमक निघून स्नायूचे तंतू तुटले, तर ती स्नायूची खरी दुखापत होय.

या खऱ्या दुखापतीच्या स्थूलमानाने तीन प्रती मानतात. पहिल्या प्रतीत थोडे तंतू तुटतात. दुखते, पण ताकद फारशी जात नाही. दुसऱ्या प्रतीत पुष्कळ तंतू तुटतात. सूज येते, चालताना लंगडावे लागते, काही दिवसांनी त्वचा हिरवी-निळी दिसते. तिसऱ्या प्रतीत स्नायू किंवा त्याची दोरी जवळजवळ पूर्ण तुटते. कधी तेथे खड्डा हाताला लागतो आणि अवयव कामच देत नाही. पहिली प्रत काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत सुधारते, दुसरीला बहुधा चार ते आठ आठवडे लागतात, आणि तिसरीला महिने लागतात, प्रसंगी शस्त्रक्रियाही करावी लागते. म्हणून "त्याला आठ दिवसांत बरे वाटले, मग तुला का नाही?" हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. दोघांची दुखापत एकच नसते.

धावणाऱ्यांत मांडीच्या मागचा स्नायू सर्वांत जास्त दुखावतो. खेळाडू त्याला हॅमस्ट्रिंग म्हणतात. त्यातही दोन तऱ्हा आहेत. खो-खोमध्ये वेगाने पळताना पाय पुढे टाकण्याच्या क्षणी तो तुटतो, ही एक. कबड्डीत चढाई करणारा पाय लांबवून गडी बाद करू पाहतो तेव्हा अतिताणाने तुटतो, ही दुसरी. दुसरी तऱ्हा आरंभी सौम्य वाटते. परंतु ती बहुधा बसण्याच्या हाडाजवळ असते आणि भरून येण्यास पहिलीपेक्षा जास्त वेळ घेते.

जखम आतून कशी भरते

भिंत पडली तर गवंडी प्रथम राडारोडा उचलतो, मग विटा रचतो, मग गिलावा करून ओलावा धरून पक्की होऊ देतो. शरीर हाच क्रम पाळते.

पहिल्या काही दिवसांत तुटलेल्या जागी रक्त साठते, सूज येते आणि मेलेले तंतू खाऊन जागा साफ करणाऱ्या पेशी तेथे जमतात. ही सूज कितीही त्रासदायक वाटली तरी ती दुरुस्तीचा आरंभ असते. त्यानंतर दोन-तीन आठवडे नवे तंतू तयार होतात. स्नायूच्या प्रत्येक तंतूला चिकटून काही झोपलेल्या पेशी असतात. अलेक्झांडर मॉरो या शास्त्रज्ञाने १९६१ साली त्यांचे वर्णन केले. दुखापत झाली की या पेशी जाग्या होतात, वाढतात आणि नवा तंतू विणतात. त्याच वेळी दुसऱ्या पेशी तेथे वणाचे चिवट धागे भरतात. सुमारे पहिले दहा दिवस हा वण फार कच्चा असतो. शेवटच्या टप्प्यात, जो कित्येक आठवडे आणि कधी महिनेही चालतो, धागे ओढीच्या दिशेने रांगेत बसतात आणि स्नायू पुन्हा पूर्ण ताण सोसण्यास लायक होतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. धागे ओढीच्या दिशेने रांगेत बसावेत म्हणून तेथे ओढ असावी लागते. स्नायू मुळीच हलविला नाही, तर धागे वेडेवाकडे गुंततात, वण जाड होतो आणि आसपासचे चांगले मांसही झिजते. उलट कच्च्या वणावर एकदम पूर्ण भार टाकला, तर तो पुन्हा फाटतो. म्हणून पूर्ण विसावाही नको आणि एकदम मेहनतही नको. रोज थोडा थोडा वाढणारा भार हवा. या लेखात जे सांगावयाचे आहे ते थोडक्यात इतकेच.

पहिले दोन-तीन दिवस

स्नायू दुखावला की त्या क्षणी खेळ थांबवावा. "एवढा डाव संपवतो" हे म्हणणे महागात पडते. दुखरा भाग क्रेप बँडेजने बेताचा दाबून बांधावा. बोटे बधिर किंवा निळी पडतील इतका घट्ट नव्हे. झोपताना पाय उशीवर उंच ठेवावा. चालताना फार दुखत असेल तर एक-दोन दिवस काठी किंवा कुबडी घेण्यात कमीपणा नाही.

बर्फाविषयी मत बदलले आहे. विश्रांती, बर्फ, बांधणी व अवयव उंच ठेवणे हे चौकडीचे सूत्र गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ साली लोकप्रिय केले. बर्फाने बरे होण्याची क्रिया मंदावूही शकते, असे स्वतः त्यांनीच २०१४ साली लिहिले. तेव्हा वेदना कमी व्हाव्यात म्हणून फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावण्यास हरकत नाही. पण तासन्‌तास बर्फात पाय ठेवून लवकर बरे होऊ, ही समजूत सोडावी.

पहिल्या दोन-तीन दिवसांत चार गोष्टी कटाक्षाने टाळाव्या: गरम शेक, मद्य, धावणे आणि रगडून मालीश. यांपैकी मालिशीविषयी आम्हांस विशेष सांगावयाचे आहे, कारण आपल्याकडे ती प्रेमापोटी केली जाते. मांडीला मुका मार बसला की आजी तेल कोमट करते आणि मामा जोर लावून रगडतात. परंतु आत रक्त साठलेले असताना असे रगडल्याने रक्तस्राव वाढतो, आणि क्वचित त्या मांसात चक्क हाड तयार होऊ लागते. मग गुडघा कित्येक महिने पुरता वाकत नाही. तेल आणि माया दोन्ही असू द्यावीत. पण पहिल्या दिवसांत हात हलका असावा आणि दुखऱ्या जागेपासून दूर असावा.

विश्रांती किती घ्यावी?

या प्रश्नाचे चांगले उत्तर डेन्मार्कमधील एका प्रयोगाने दिले आहे. मांडी किंवा पोटरीचा स्नायू दुखावलेल्या ५० हौशी खेळाडूंचे तेथे दोन गट केले. एका गटाचा उपचारात्मक व्यायाम दुखापतीनंतर दोन दिवसांनी सुरू केला, दुसऱ्याचा नऊ दिवसांनी. व्यायाम दोघांचा सारखाच होता. फरक फक्त सात दिवसांच्या थांबण्याचा. २०१७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की लवकर सुरुवात केलेला गट साधारण ६२ दिवसांत वेदनेवाचून खेळात परतला आणि उशिरा सुरुवात केलेल्या गटास ८३ दिवस लागले. सात दिवस आळसात गेले, त्याची किंमत तीन आठवडे पडली.

याच आकड्यांत दुसरा धडाही आहे. लवकर सुरुवात केलेल्यांनाही खेळात परतण्यास दोन महिने लागले. म्हणजे व्यायाम लवकर सुरू करणे वेगळे आणि खेळ लवकर सुरू करणे वेगळे. आपल्याकडे नेमके उलटे घडते: घरी पंधरा दिवस काहीच नाही, आणि सोळाव्या दिवशी एकदम सामना.

वडीलधाऱ्यांच्या बाबतीत अंथरूण अधिकच घातक. अमेरिकेत सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी स्त्री-पुरुषांना केवळ प्रयोगासाठी १० दिवस निजवून ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांस कमी झाले, असे २००७ साली प्रसिद्ध झाले. धडधाकट माणसांची ही गत, मग दुखापतीच्या निमित्ताने महिनाभर खाटेवर बसविलेल्या आजोबांचे काय होत असेल, याचा विचार करावा.

परतीच्या पायऱ्या

खालील क्रम मांडीच्या मागच्या स्नायूच्या साध्या, म्हणजे पहिल्या किंवा सौम्य दुसऱ्या प्रतीच्या दुखापतीसाठी आहे. दुसऱ्या स्नायूंसाठी व्यायाम बदलतील. क्रमामागचा विचार तोच राहील. एका पायरीवरील काम त्रासावाचून जमल्याशिवाय पुढची पायरी चढू नये. दिवस मोजून चढू नये.

पहिली पायरी: हालचाल. दोन-तीन दिवसांनंतर पाठीवर निजून गुडघा हळूहळू वाकवावा व सरळ करावा, घोटा फिरवावा. घरातल्या घरात थोडे थोडे चालावे. पाय जोराने ताणून "मोकळा करणे" येथे नाही.

दुसरी पायरी: न हलविता जोर. पाठीवर निजून गुडघा थोडा वाकवावा आणि टाच जमिनीत दाबावी, जणू जमीन आपल्याकडे ओढावयाची आहे. पाच ते दहा सेकंद दाबून सोडावे. असे दहा वेळा. आरंभी अर्धाच जोर लावावा, मग रोज वाढवावा. यात स्नायू काम करतो, पण लांबत नाही, म्हणून हे लवकर सोसते.

तिसरी पायरी: हालचालीसह जोर. गुडघे वाकवून उताणे निजावे, दोन्ही टाचांवर भार देऊन कंबर उचलावी आणि हळूहळू खाली आणावी. हे सोपे झाले की एका पायावर करावे. अर्ध्या बैठका, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, पायरी चढणे-उतरणे हेही येथेच. उचलण्यापेक्षा खाली आणण्याचे काम सावकाश करावे. कारण लांबता लांबता भार सोसणे हेच या स्नायूचे धावतानाचे खरे काम आहे, आणि तो बहुधा तेथेच तुटतो.

चौथी पायरी: धावणे. भरभर अर्धा तास चालून पाय दुखला नाही, तरच धावण्याचा विचार करावा. प्रथम एक मिनिट मंद धाव, दोन मिनिटे चाल, असे पाच-सहा वेळा. मग एक दिवस सोडून धावण्याचा वेळ वाढवावा. वेळ वाढला की वेग: आधी निम्मा, मग पाऊण, मग पूर्ण. वेळ आणि वेग एकाच दिवशी वाढवू नयेत. वळणे, अचानक थांबणे आणि खाली वाकून दिशा बदलणे ही कामे सरळ धावणे पक्के झाल्यावरच.

पाचवी पायरी: खेळाचा सराव. आधी एकट्याने, मग संघाबरोबर. आधी ठरवून दिलेले डाव, मग मोकळा खेळ. निदान चार-पाच पूर्ण सराव निर्विघ्न झाल्यावर सामना.

भार हळूहळू वाढविण्याची ही कल्पना आज इतकी साधी वाटते, पण तिला शास्त्राचा आधार महायुद्धाच्या काळात मिळाला. थॉमस डेलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांना नुसते पाय हलविण्याऐवजी वाढत जाणारी वजने उचलावयास लावली आणि १९४५ साली आपले अनुभव प्रसिद्ध केले. आमच्या आखाड्यातील वस्तादांना हे ऐकून नवल वाटणार नाही. नव्या पठ्ठ्याला पहिल्याच दिवशी जड मुद्गल देणारा वस्ताद कोणी पाहिला आहे काय? मग दुखापतीनंतर परतलेला जुना पठ्ठ्याही काही दिवस नवाच समजावा.

वेदनेची भाषा

थोडेही दुखले तर व्यायाम सोडावा काय? नाही. आणि दुखत असता दात-ओठ खाऊन करावा काय? तेही नाही. वेदनेला शून्य ते दहा असे गुण द्यावेत. शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे असह्य. व्यायाम करताना तीनपर्यंतचे बोचणे चालेल. मात्र ते तीन वेळा तपासावे: व्यायाम करताना, त्याच रात्री, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर. सकाळी दुखणे व ताठरपणा आदल्या सकाळइतकाच किंवा कमी असेल, तर भार योग्य होता. वाढला असेल, तर एक पायरी खाली यावे आणि दोन दिवसांनी पुन्हा प्रयत्न करावा. एकाएकी चमक निघाली, तर त्याच क्षणी थांबावे. रोजचे हे गुण वहीत लिहून ठेवल्यास फार उपयोग होतो. स्मरणशक्ती खेळण्याच्या उत्साहात खोटी साक्ष देते.

वेदनाशामक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने झोपेसाठी घ्यावी लागली तर गोष्ट निराळी. पण मैदानावर उतरण्यासाठी गोळी घेणे म्हणजे चोर आला असता भुंकणाऱ्या कुत्र्याचे तोंड बांधण्यासारखे आहे.

दुखणे थांबले म्हणजे बरे झाले काय?

साऱ्या चुका या एका प्रश्नाभोवती फिरतात. दुखणे बहुधा आधी थांबते आणि ताकद मागाहून येते. या मधल्या दिवसांत माणूस स्वतःला बरा समजतो. निरनिराळ्या पाहण्यांत हॅमस्ट्रिंगची दुखापत पुन्हा होण्याचे प्रमाण आठांत एकापासून तिघांत एकापर्यंत आढळले आहे, आणि त्यांतील पुष्कळ दुखापती परतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच होतात.

आमच्या परिचयाची नववीतील एक मुलगी खो-खो उत्तम खेळे. मांडीत चमक आली म्हणून ती आठ दिवस घरी बसली. नवव्या दिवशी चालताना दुखेना. आंतरशालेय सामना दोन दिवसांवर आलेला. संघाला तिची गरज होती, आणि संघ सांभाळणाऱ्यांनी "थोडेसेच खेळ" असे सांगून तिला उतरविले. पाठलागात दिशा बदलताना ती खाली बसली ती उठलीच नाही. पहिल्या वेळी जे तीन-चार आठवड्यांत आटोपले असते, त्याला आता साडेतीन महिने लागले. पाय बरा झाला. पण ती मैदानावर परत आली नाही. घरच्यांनी म्हटले, "पुरे झाले आता, अभ्यास कर." मुलाच्या बाबतीत हा निर्णय इतक्या चटकन होत नाही, हेही आम्ही पाहिले आहे. मुलीला खेळण्याची परवानगी एकदाच मिळते. ती एका उतावळ्या सामन्यापायी गमावली जाऊ नये. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी आपल्याकडे म्हण आहे; मैदानावर ते बाशिंग गुडघ्याला पट्टी होऊन बसते.

म्हणून सामन्यापूर्वी पाच प्रश्नांची परीक्षा घ्यावी. दुखरी जागा बोटाने दाबली असता दुखते काय? पाय दुसऱ्या पायाइतकाच लांबतो व वाकतो काय? एका पायावर कंबर उचलणे दोन्ही पायांनी सारख्याच वेळा जमते काय? पूर्ण वेगाने सहा-सात धावा चमकेवाचून झाल्या काय? आणि पूर्ण सराव चार-पाच वेळा झाला काय? पहिल्याचे उत्तर "नाही" आणि उरलेल्या चारांचे "होय" आले, तरच सामना. या परीक्षेत पाचांपैकी चार गुण म्हणजे उत्तीर्ण नव्हे. पोटरी दुखावली असेल तर एका पायावर उभे राहून टाच उचलण्याची संख्या दोन्ही पायांची जुळवून पाहावी.

परतल्यानंतरही मजबुतीचा व्यायाम सोडू नये. गुडघे टेकून बसावे, जोडीदाराने घोटे धरावे आणि शरीर सरळ ठेवून सावकाश पुढे झुकत जावे, असा एक साधा व्यायाम आहे. डेन्मार्कमधील ५० फुटबॉल संघांतील ९४२ खेळाडूंवर त्याचा प्रयोग झाला. २०११ च्या वृत्तान्तानुसार तो करणाऱ्यांत हॅमस्ट्रिंगच्या १५ दुखापती झाल्या आणि न करणाऱ्यांत ५२. याला ना यंत्र लागते ना पैसा. एक सतरंजी आणि एक मित्र पुरे. मात्र तो पूर्ण बरे झाल्यावर, थोड्या संख्येने सुरू करावा. पहिल्या आठवड्यात अंग चांगलेच आंबते.

आहार, उपवास आणि रोजा

नवे मांस विणण्यास सामग्री लागते. वरण, उसळ, दूध, दही, अंडी, शेंगदाणे, मासे, मटण यांपैकी ज्याच्या घरी जे चालते ते दुखापतीच्या काळात कमी करू नये. "आता हालचाल नाही, मग खायचे कशाला?" हा हिशेब चुकीचा आहे. झोप पुरी घ्यावी.

उपवासाच्या किंवा रोजाच्या दिवसांत व्यायाम अगदी बंद करण्याचे कारण नाही; पण नवी पायरी चढण्याचे ते दिवस नव्हेत. रोजा असता हलका व्यायाम इफ्तारच्या थोडा आधी, आणि जोराचा व्यायाम इफ्तारनंतर पाणी व अन्न पोटात गेल्यावर तासा-दोन तासांनी करावा. भर दुपारी उन्हात तहानलेल्या अंगाने धावू नये. ज्याला गुडघ्यावर बसता येत नाही त्याला खुर्चीवर बसून नमाज अदा करण्याची सवलत धर्मानेच दिली आहे. तसेच सूर्यनमस्काराचा नेम असणाऱ्याने काही दिवस पाय मागे फेकण्याऐवजी सावकाश न्यावा, किंवा नमस्कारांची संख्या कमी करावी. नेम मोडत नाही आणि पायही मोडत नाही.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

पुढील लक्षणे दिसली तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. "कट्" असा आवाज येऊन पायावर भारच देता न येणे, किंवा स्नायूत खड्डा लागणे. टाचेच्या वर मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटून पंजावर उभे राहता न येणे. सूज व ठणका तासागणिक वाढून मांडी किंवा पोटरी दगडासारखी टणक होणे, पाय बधिर होणे. मार न लागता एक पोटरी सुजणे व गरम लागणे, कारण ती रक्ताची गुठळी असू शकते. ताप येणे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असता मांस सुजणे. फार दिवसांनी एकदम शेकडो बैठका काढल्यानंतर लघवी चहासारखी गडद होणे. येथे स्नायू विरघळून मूत्रपिंडास धोका असतो, म्हणून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांविषयी एक वेगळी सूचना. या वयात स्नायूपेक्षा हाडाचा वाढता भाग कच्चा असतो. धावताना स्नायू तुटण्याऐवजी तो बसण्याच्या हाडाचा तुकडाच ओढून काढू शकतो. म्हणून या वयातील मुलाला जांघेत किंवा बैठकीच्या जागी एकाएकी जोराची कळ आली, तर क्ष-किरण तपासणी झाल्याशिवाय व्यायाम सुरू करू नये.

न्यासाने काय करावे

महोत्सवाच्या निमित्ताने खेळांचे सामने होतील, आणि ते व्हावेतच. आमची विनंती एवढीच, की वर सांगितलेले पाच प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून व्यायामशाळेच्या भिंतीवर लावावेत. दुखापतींची एक साधी नोंदवही ठेवावी: नाव, तारीख, कोणता स्नायू, कोणत्या पायरीवर. आणि परीक्षा उत्तीर्ण न झालेल्या खेळाडूस, मग तो संघाचा कितीही मोठा आधार असो, कोणाही कार्यकर्त्याने मैदानावर उतरवू नये. एक फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एक संध्याकाळ व्यायामशाळेत बसेल, अशी तजवीज झाली तर सोन्याहून पिवळे. करंडक एका वर्षाचा असतो. पाय जन्मभर वापरावयाचे असतात.

न्यास म्हणजे पूर्वजांनी विश्वासाने ठेवलेली ठेव, आणि शरीरही तसेच आहे. ते आपल्या हाती आले ते खर्चून टाकण्यासाठी नव्हे, तसेच पेटीत कुलूप लावून ठेवण्यासाठीही नव्हे. वापरावे, सांभाळावे आणि वाढवून पुढच्यांच्या हाती द्यावे, यासाठी. आपल्या मुलामुलींनी खूप खेळावे, पडल्यास धीराने थांबावे आणि क्रमाक्रमाने पुन्हा उभे राहावे, हीच या शुभप्रसंगी आमची सदिच्छा.